वांगं घालून बघा

आमचे रेक्टरसर कुणालाही आडनाव विचारत नसत. वसतिगृहात प्रवेश घ्यायच्या दिवशी मी बाबांबरोबर त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. बाबांनी सवयीप्रमाणे आधी आडनाव सांगितलं, मग आमचे कोण कोण पाहुणे नाशकात आहेत ते सांगायला लागले. सरांनी हात वर केला.

"गाव तेवढं सांगा."

"नांदगावजवळ खेडं हे साहेब आमचं."

"झालं. हा नांदगाव," असं म्हणून सरांनी वहीत लिहिलं, आणि पुढची तीन वर्षं मी नांदगाव होतो. इगतपुरीची दोन मुलं होती, ती थोरली इगतपुरी आणि धाकटी इगतपुरी. एक सायखेडा होता, एक मालेगाव होता. एकदा थोरल्या इगतपुरीला ताप भरला तेव्हा सरांनी डॉक्टरांना फोन केला, "डॉक्टर, इगतपुरीला एकशे दोन आहे." डॉक्टर म्हणाले, "हो का? आमच्याकडे तर नुसती भुरभुर आहे."

"आडनाव विचारलं की पुढचं सगळं न विचारता कळतं," सर म्हणायचे. "मला ते कळून काय करायचंय? हा पोळ्या किती खातो ते कळलं म्हणजे बास."

सर पूर्वी रेल्वेच्या कँटीनमध्ये व्यवस्थापक होते. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर पंचवटीतल्या आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत ते राहायला आले आणि रेक्टर झाले. देव मानत नसत. पण त्याबद्दल व्याख्यान देत नसत, की कुणी मानतो म्हणून त्याला हसतही नसत. त्यांच्या खोलीत एकही तसबीर नव्हती. मात्र भिंतीवर तीन पंचांगं आणि एक रमजानचं वेळापत्रक होतं. मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणायच्या, "सर देव मानत नाय, पन देवाचं टाइमटेबल समदं पाठ हे त्यांना."

ते पाठ असण्याचं कारण मेस. दर रविवारी संध्याकाळी मेसच्या दारावर उपासाचा तक्ता लागायचा. ज्याचा जो उपास असेल त्याने त्या वारासमोर नाव लिहायचं. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, रोजा, आणि शेवटचा रकाना 'इतर'. एकदा लिहिलं की खोडायचं नाही. ज्याने उपास लिहिला त्याला भगर, शेंगदाण्याची आमटी किंवा साबुदाण्याची खिचडी मिळणार. त्याने पोळीकडे बघायचंही नाही. रोजा लिहिणाऱ्याचं जेवण तेवढं सूर्यास्तानंतर. कुणी आयत्या वेळी "सर, आज उपास मोडला" म्हणाला तर सर सांगायचे, "श्रद्धा खासगी आहे, साबुदाणा सार्वजनिक आहे. तो सकाळी भिजला."

पहिल्या महिन्यात मी आठवड्यातले पाच उपास लिहिले. सरांनी मला खोलीत बोलावलं.

"नांदगाव, घरी एवढे उपास करतोस?"

"नाही सर."

"मग इथं काय झालं? गोदावरी जवळ आहे म्हणून?"

मी मान खाली घातली. आमच्याकडे साबुदाणा वर्षातून दोनदा व्हायचा आणि वाटणीत दोन घास यायचे. "सर, खिचडी लय आवडते," मी म्हणालो.

सर हसले नाहीत. त्यांनी तक्ता मागवला, माझे पाचही उपास स्वतःच्या हाताने खोडले आणि 'इतर'मध्ये लिहिलं, 'नांदगाव – खिचडी आवडते – बुधवार'. मला म्हणाले, "हे खरं कारण आहे. खरं कारण असताना देवाला कशाला पुढे करायचं? त्याला काय तेवढीच कामं आहेत?" मी म्हणालो, "सर, तुम्ही तर मानत नाही." "मी मानत नाही, तू मानतोस ना? मग तुझ्या देवाची अब्रू तू सांभाळायला नको?" पुढच्या रविवारी 'इतर'मध्ये एकवीस जणांना खिचडी आवडत होती. सरांनी बुधवारी सगळ्यांसाठीच खिचडी लावली.

मालेगाव रोजे धरायचा तेव्हा संध्याकाळी सर घड्याळ घेऊन त्याच्या शेजारी बसत. एकदा बाहेर अंधारून आलं होतं म्हणून त्याने खजुराला हात घातला. सरांनी त्याचं मनगट धरलं. "अजून एक मिनिट आहे."

"सर, एका मिनिटाने काय होतंय?"

"मला काही होत नाही रे. तुझं बघ."

तो मिनिटभर खजूर हातात धरून बसला, आणि वसतिगृहातला एकमेव न मानणारा माणूस सेकंदकाट्याकडे बघत बसला.

कोथिंबिरीवरून मात्र खरं भांडण झालं होतं. उपासाला कोथिंबीर चालते का? आमच्या नांदगावकडे चालते. सायखेड्याचा म्हणाला, त्याच्या आजीला कळलं तर ती त्याला घरात घेणार नाही. खिचडीची पातेली मध्ये ठेवून दोन तट पडले, एकमेकांच्या आया काढण्यापर्यंत मजल गेली. सर आले, खिचडी बघितली आणि मावशींना म्हणाले, "उद्यापासून कोथिंबीर वेगळ्या वाटीत. ज्याला चालते त्याने घ्यावी. ज्याला चालत नाही त्याने घेणाऱ्याच्या ताटात बघू नये." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "राज्यशास्त्र कुणाकुणाचं आहे? यालाच धर्मनिरपेक्षता म्हणतात. लिहून घ्या."

मी खरंच लिहून घेतलं. मी सगळंच लिहून घ्यायचो, कारण आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि कुठलं महत्त्वाचं, कुठलं नाही, हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. चाचणी परीक्षेत धर्मनिरपेक्षतेची व्याख्या आली तेव्हा मी कोथिंबीर लिहिली. प्राध्यापकांनी पाचपैकी तीन गुण दिले आणि समासात लिहिलं, 'संदर्भ कळला नाही.' मी पेपर सरांना दाखवला.

"वेगळी वाटी लिहिलीस का?"

"राहिलं सर."

"मग दोन गुण बरोबर कापले."

आता वांग्याचं सांगतो, कारण त्यावरूनच सरांची नोकरी आणि त्या दोन खोल्या जायची वेळ आली, आणि ती वेळ मी आणली.

रोज सकाळी चहाच्या वेळी सर वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. निवडणुका जवळ होत्या, भाषणं पानं भरभरून यायची. भाषणात 'धर्म' शब्द आला की सर त्या जागी 'वांगं' घालून वाचायचे. 'आमचं वांगं धोक्यात आहे, तरुणांनी आता जागं झालं पाहिजे.' 'वांग्यासाठी आम्ही कोणताही त्याग करू.' आम्ही चहा सांडेपर्यंत हसायचो. दुसऱ्या बाजूच्या पुढाऱ्यांनाही सुट्टी नसायची. ते 'धर्मनिरपेक्षता आमच्या रक्तात आहे' म्हणाले की सर वाचायचे, 'वांगं आमच्या रक्तात आहे.' वाचताना क्रियापद नीट बदलायचे. व्याकरण बिघडलं की कसोटी बाद, असा नियम होता.

"ज्या वाक्यातला धर्म काढून वांगं घातलं तरी वाक्य सुखाने चालतं," सर सांगायचे, "त्या वाक्यात धर्म नव्हताच. तिथं नुसती एक जागा रिकामी होती."

तिसऱ्या वर्षाला असताना आषाढात वसतिगृहाचा वर्धापनदिन होता. प्रमुख पाहुणे भाऊ. भाऊ आमच्या संस्थेचे विश्वस्त, आणि त्या वेळी महापालिकेच्या तिकिटासाठी धडपडत होते. माणूस तसा वाईट नव्हता. मेसचा फ्रिज त्यांनीच दिला होता. त्यांनी भाषण केलं आणि शेवटी मूठ उगारून म्हणाले, "धर्म टिकला तर नाशिक टिकेल! नाशिक टिकलं तर महाराष्ट्र टिकेल!"

पाठोपाठ विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून मी बोलायला उभा राहिलो. मला सरांबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची होती. मी म्हणालो, सरांनी आम्हाला विचार करायला शिकवलं. कसं शिकवलं याचं उदाहरण द्यायचं मनात आलं, आणि जवळ ताजं उदाहरण एकच होतं. मी म्हणालो, "उदाहरणार्थ, वांगं टिकला तर नाशिक टिकेल."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "भाव काय चाललाय?" आणि सगळा मंडप फुटला. मी हसण्याच्या आनंदात समोर पाहिलं तर भाऊंचा चेहरा वांग्यासारखाच झाला होता.

आठ दिवसांनी संस्थेकडे टाइप केलेली तक्रार आली. 'रेक्टर हे स्वतः नास्तिक असून धर्मास वांगे म्हणतात व तसे विद्यार्थ्यांकडून वदवून घेतात. त्यांस तात्काळ कार्यमुक्त करावे.' खाली भाऊंची सही.

मी रडत सरांकडे गेलो. ते जमिनीवर बसून वर्तमानपत्राच्या कागदात कपबशा गुंडाळत होते. एक ट्रंक भरून झाली होती.

"सर, माझी चूक झाली."

"झालीच."

"मला माफ करा."

"'वांगं टिकला' म्हणालास. वांगं नपुंसकलिंगी आहे. 'टिकलं' पाहिजे. सगळ्या मंडपासमोर माझी लाज काढलीस."

मला आणखी रडू आलं. सर म्हणाले, "रेल्वेत दर तीन वर्षांनी बदली व्हायची, सवय आहे. इथं अकरा वर्षं राहिलो, हेच जास्त झालं."

"कुठं जाणार सर?"

"इगतपुरीला भाची आहे. आठ दिवस ठेवील." मग हातातल्या बशीकडे बघत म्हणाले, "पुढचं पुढे." इतक्या दिवसांत त्यांनी आम्हाला कधी 'पुढचं पुढे' म्हणू दिलं नव्हतं.

चौकशी श्रावणात झाली, मेसमध्येच, कारण तिथलं टेबल मोठं. समितीत तिघे. अध्यक्ष बाई, त्यांच्या यजमानांनी वसतिगृह काढलेलं, वय सत्तरीच्या पुढे, चातुर्मास कडक. दुसरे भाऊ. तिसरे एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना कमी ऐकू यायचं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभ्या होत्या. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

बाईंनी विचारलं, "तुमच्या सरांनी धर्माला वांगं म्हटलं, हे खरं का?"

"नाही बाई," मी म्हणालो. "सर भाषणाला म्हणतात. त्या दिवशी मी म्हटलं. भाऊंच्या भाषणाला."

"म्हणजे माझ्या भाषणाला वांगं म्हटलं?" भाऊ उभेच राहिले. "बघा बाई! हे तर त्याहून वाईट!"

"कोणती भाजी?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"वांगं!" मावशी दारातून ओरडल्या.

"पण चातुर्मासात वर्ज्य आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"तेच मी म्हणते," बाई सरांकडे वळल्या. "वर्षातले चार महिने नाव काढायचं नाही, अशी भाजी कशाला घेतलीत? दुसरी नव्हती?"

"दोडका घालून पाहिला होता बाई," सर अदबीने म्हणाले. "हसू येत नाही."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी लगेच तो जागेवर आणला. "तुम्ही हसण्यासाठी करता हे?"

"पोरं हसली की वाक्य परत ऐकतात. नाहीतर नुसत्या टाळ्या वाजवतात." सरांनी मग ती कसोटी त्यांना समजावून सांगितली. रिकाम्या जागेचंही सांगितलं.

बाईंनी तक्रारीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "माझ्या वाक्यात घालून दाखवा."

"बाई, तुमच्या कशाला..."

"मी सांगते. हे गेले तेव्हा पोरांच्या परीक्षा चालू होत्या. सगळे म्हणाले, सुतक आहे, तेरा दिवस वसतिगृह बंद ठेवा. मी दुसऱ्या दिवशी पहाटे या मेसमध्ये येऊन चूल पेटवली. सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण माझ्या धर्माने मला अडवलं नाही. हं. आता घाला वांगं."

सर उठून उभे राहिले. ही कसोटी उभं राहून द्यावी असं त्यांना वाटलं असावं. "माझ्या..." ते म्हणाले आणि थांबले. परत सुरुवात केली. "माझ्या वांग्..." पुढे त्यांच्याने बोलवेना. कुणीच हसलं नाही. मुख्याध्यापकांनीसुद्धा काय म्हणून विचारलं नाही.

"नाही बाई," सर म्हणाले. "नाही जात. इथं जागा रिकामी नाही."

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन कारण नसताना भांडी आपटली.

बाईंनी तक्रारीचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "भाऊ, धर्माला काही लागलेलं दिसत नाही. लागलं ते तुमच्या भाषणाला. ते नवं करून घ्या." आणि सरांना म्हणाल्या, "ट्रंका सोडा तुमच्या. कपबशा राहिल्यात का धड?"

"एक कान तुटला बाई. बाकी आहेत."

अशा रीतीने सर राहिले. आम्ही फाटकापाशी फटाके लावायचं ठरवलं होतं, पण सरांनी दाद दिली नाही. उलट दोन दिवस ते कुणाशी बोललेच नाहीत. आम्हाला कळेना, जिंकलेला माणूस असा का बसलाय. चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि एक जुना कागद पुढे केला. त्यांचं पंधरा ऑगस्टचं भाषण. दरवर्षी तेच. सगळ्या वसतिगृहाला त्यातलं शेवटचं वाक्य पाठ होतं: 'माणुसकी हाच खरा धर्म आहे.'

"माणुसकी काढ. वांगं घाल," सर म्हणाले.

"सर, राहू द्या ना."

"घाल."

"वांगं हाच खरा धर्म आहे," मी हळूच म्हणालो.

"बसलं ना?"

"बसलं सर."

"अकरा वर्षं," सर म्हणाले. "अकरा वर्षं मी त्या भाऊंच्या शेजारी उभा राहून वांगंच वाटत होतो. त्यांचं जांभळं, माझं पांढरं."

"पण सर, तुम्ही तसं वागता की."

"वागतो ना? मग बोलायचं कशाला?" त्यांनी वाक्यावर रेघ मारली. मग वरच्या वाक्यावर मारली, मग त्याच्या वरच्या. कागदावर काही राहिलं नाही.

सकाळी झेंडावंदनाच्या आधी भाऊ लवकर आले. इकडेतिकडे बघून त्यांनी कुडत्याच्या खिशातून चार पानं काढली. "सर, जरा नजर घालता का? पुन्हा पोरांत शोभा नको."

सरांनी पेन्सिल घेतली आणि उभ्याउभ्या चारही पानं वाचली. परत दिली तेव्हा एकच वाक्य शाबूत होतं: 'पाऊस असूनही आपण सगळे आलात, बरं वाटलं.'

"एवढंच?"

"तेवढं खरं आहे. आणि माझं तर तेवढंही उरलं नाही."

भाऊंनी सरांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी पानांची घडी करून खिशात ठेवली.

झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. भाऊ माईकपाशी गेले, म्हणाले, "पाऊस असूनही आपण सगळे आलात, बरं वाटलं," आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या हे आम्हाला कळायलाच वेळ लागला. मग सर उठले. "मुलांनो, चला, जिलेबी खाऊ," म्हणाले. सगळा कार्यक्रम दहा मिनिटांत आटोपला.

तेवढ्यात मावशी झारा घेऊनच बाहेर आल्या. "झालं? एवढ्यात?"

"झालं मावशी."

"आन भाषनं?"

"झाली."

"कशाची झाली! दरसाली तुम्हा दोघांच्या भाषनात माझा जिलेबीचा आख्खा घाना निघतो. आज कढई तापली नाय अजून. काय वाढू पोरांना, पाक?"

दीडशे मुलं ओल्या पटांगणात उभी होती. सरांनी मावशींकडे पाहिलं, मग भाऊंकडे.

"भाऊ, ती पानं आहेत का खिशात?"

"आहेत की."

"मग होऊन जाऊ द्या."

"सगळी?" भाऊंचा विश्वास बसेना. "खोडलेलंसुद्धा?"

"खोडलेलंसुद्धा. सावकाश वाचा."

भाऊ माईकपाशी गेले, घसा साफ केला आणि वाचायला लागले. धर्म आला, संस्कृती आली, नाशिक टिकलं, महाराष्ट्र टिकला. कुणी हसलं नाही. सर पहिल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते आणि मधूनमधून मान वळवून मेसच्या खिडकीकडे बघत होते. तिसऱ्या पानाच्या मध्यावर मावशींनी खिडकीतून झारा वर केला. त्याच क्षणी सरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवल्या म्हणून आम्ही सगळ्यांनी वाजवल्या.

भाऊंना वाटलं, ते वाक्य आवडलं. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.